थिकनअप क्लिअर: डबा चांगला आहे, पण चमचा मोजून टाका

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर घरी सोडलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर हल्ली एक ओळ दिसते: ‘थिकन्ड लिक्विड्स, लेव्हल २’, म्हणजे द्रव दाट करून द्या, दाटपणाची पातळी २. केमिस्टकडे ही चिठ्ठी दाखवली की बऱ्याचदा नेस्लेचा ‘रिसोर्स थिकनअप क्लिअर’ हा १२५ ग्रॅमचा डबा हातात येतो. घरी आल्यावर प्रश्न पडतो की हे औषध आहे, प्रोटीन पावडर आहे की आणखी काही. यातलं काहीच नाही. पाणी, चहा, ताक, सूप असे पातळ पदार्थ दाट करायची ही पावडर आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत: माल्टोडेक्स्ट्रिन, झँथन गम आणि पोटॅशियम क्लोराइड. खरं काम झँथन करतं. माल्टोडेक्स्ट्रिन त्याला पाण्यात मोकळं विरघळायला मदत करतं.

पावडर चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती घशात नेमकं काय करते ते पाहावं लागेल. त्याशिवाय या डब्याचा हिशेब लागत नाही.

श्वासाची आणि अन्नाची वाट घशात एकच असते. गिळताना जेमतेम एका सेकंदात ती वाट श्वासाकडून काढून अन्नाला द्यावी लागते. जिभेनं घोट मागे ढकलला की मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाकडचा रस्ता बंद होतो. हनुवटीखालचे स्नायू हायऑइड नावाचं छोटं हाड वर आणि पुढे खेचतात, त्याच्याबरोबर अख्खं स्वरयंत्र वर सरकतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला तर ही उडी बोटाला स्पष्ट कळते. त्याच क्षणी आत तीन पातळ्यांवर दार लागतं. सर्वांत खाली स्वरतंतू एकमेकांना चिकटतात. त्यांच्या वरच्या खोट्या स्वरतंतूंच्या घड्या मिटतात, आणि मागच्या दोन लहान कूर्चा पुढे झुकून एपिग्लॉटिसच्या, म्हणजे जिभेच्या मुळामागच्या पानासारख्या झाकणाच्या, बुडाला टेकतात. शेवटी एपिग्लॉटिसचं पान मागे लवून वरून आडवं पडतं. श्वास साधारण अर्धा ते दीड सेकंद थांबतो. बहुतेकांचा तो सोडता सोडता थांबतो आणि गिळून झाल्यावर उरलेला उच्छ्वास बाहेर पडतो, म्हणजे दारात काही थेंब राहिलाच असेल तर तो बाहेरच्या बाजूला फुंकला जातो. स्वरयंत्र पुढे सरकल्यामुळे त्याच्या मागची अन्ननलिकेची झडपही ताणून उघडते. एकाच हालचालीत एक दार लागतं आणि दुसरं उघडतं.

शाळेच्या पुस्तकात फक्त ‘एपिग्लॉटिस झाकण घालतो’ एवढंच लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. कर्करोगासाठी एपिग्लॉटिस काढून टाकलेले कितीतरी रुग्ण सरावानं पुन्हा नीट गिळायला शिकतात, कारण खालची दोन दारं शाबूत असतात. सर्वांत भरवशाचं दार आतलंच.

आता बिघाड. मेंदूला झटका बसला की बऱ्याचदा दार लागतं, पण उशिरा लागतं. पाणी जिभेवरून ओघळून घशात पोचतं तेव्हा स्वरयंत्र अजून उघडंच असतं. पाण्याला धरून ठेवणारं काही नसतं, ते वाटेल तिकडे पसरतं आणि थेट श्वासनलिकेत उतरतं. दाट केलेला घोट सावकाश आणि एकसंध सरकतो, त्यामुळे उशिरा लागणाऱ्या दाराला वेळ मिळतो. थिकनर घशाचा एकही स्नायू बळकट करत नाही, एकही नस दुरुस्त करत नाही. तो सेकंदाचा काही भाग विकत घेऊन देतो. डबा त्या कामाचा आहे आणि त्याला त्याच कामावर जोखायला हवं.

या कामात झँथनची पावडर जुन्या स्टार्चच्या पावडरींपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. कारण लाळ. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला तोंडातच सुरुवात करतं. पेल्यात दाट दिसलेला घोट तोंडात थोडा वेळ रेंगाळला की पातळ होतो, आणि ज्यांचं गिळणं मंद आहे त्यांच्याच तोंडात तो जास्त रेंगाळतो. एकदा तोंड लावलेल्या चमच्यानं पेला ढवळत राहिलं तर पेल्यातलंही पातळ व्हायला लागतं. उलट बाजूला, न पिता ठेवलेला स्टार्चचा पेला तासाभरात आधीपेक्षा दाट झालेला असतो. झँथनवर अमायलेजचा परिणाम होत नाही. एकदा बसलेला दाटपणा टिकतो, गरम-थंडानं फारसा हलत नाही, पाणीही ढगाळ न दिसता बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. चव जवळजवळ नाही. पोत मात्र जाणवतो, किंचित बुळबुळीत. पाण्यात तो सर्वांत जास्त खटकतो, कोकमाच्या सरबतात किंवा आल्याच्या चहात कमी. ज्यांना ‘हे पाणी नको’ असं वाटतं त्यांना आधी सरबत देऊन पाहावं.

घरातल्या पर्यायांबद्दल नेहमी विचारलं जातं. कॉर्नफ्लॉवर, आरारूट, तांदळाची पेज, नाचणीची आंबील हे सगळं शेवटी स्टार्चच. आहार म्हणून उत्तम, पण मोजून तोच दाटपणा रोज मिळत नाही, शिजवावं लागतं, निवताना घट्ट होतं आणि लाळेनं पातळ होतं. आंबील जेवण म्हणून द्या, पाण्याची गरज तिच्यावर भागवू नका. इसबगोल मात्र अजिबात नको. ते फुगतच राहतं आणि कमी पाण्यात घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतं.

प्रमाण डब्यावर असतं. आतला चमचा सपाट भरला की १.२ ग्रॅम. १०० मिलीला एक चमचा म्हणजे लेव्हल २, दोन म्हणजे लेव्हल ३, तीन म्हणजे लेव्हल ४. हे आकडे ‘इड्सी’ या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीचे आहेत. तिच्यात ० ते ७ पातळ्या आहेत, साधं पाणी शून्य आणि नेहमीचं जेवण सात. पूर्वी नेक्टर, हनी, पुडिंग अशी नावं होती आणि आजही काही कागदांवर तीच लिहून येतात. त्यातला ‘मध’ सगळ्यांत घोटाळ्याचा: एकाच्या घरी जंगलातला पातळ मध, दुसऱ्याच्या घरी हिवाळ्यात गोठलेला. कागदावर अशी जुनी नावं असतील तर गिळण्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून आकडा लिहून घ्यावा.

कृती सोपी आहे, पण चुका सगळ्या इथेच होतात. कोरड्या पेल्यात आधी मोजलेली पावडर टाका, मग सगळं पाणी एकदम ओतत काट्यानं जोरात ढवळा. पावडर नंतर वरून भुरभुरली की प्रत्येक कणाभोवती बाहेरून चिकट थर बसतो आणि आतली पावडर कोरडीच राहते. त्या गुठळ्या. गुठळ्या झालेला पेला गाळून वापरू नये, कारण गाळणीत अडकलेली पावडर म्हणजे कमी झालेलं प्रमाण. तो ओतून द्या. पाणी, चहा, सरबत मिनिटभरात तयार होतं. दुधाला आणि दुधाच्या पेयांना वेळ लागतो, कारण दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश झँथनला लवकर पाणी शोषू देत नाहीत. पाच ते दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा ढवळावं. या दहा मिनिटांत घरची मंडळी अधीर होतात, ‘अजून पातळच आहे’ म्हणून आणखी अर्धा चमचा टाकतात आणि दहा मिनिटांनी लेव्हल २ ऐवजी ३ हातात येते. एकदा दाट झालेल्या पेल्यात पावडर वाढवूच नये. हवं तर नवा पेला करावा.

दुधाच्या चहाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे दिवसाची सुरुवात त्यानंच होते. अर्धं दूध घातलेला चहा दुधासारखाच वागतो, कोरा चहा पाण्यासारखा. चहा करून, पावडर घालून, झाकून ठेवा. तो पिण्याजोगा कोमट होईपर्यंत दाटही झालेला असतो. ताकाला झँथन चालतं, आंबटपणानं बिघडत नाही. पण ताकातली फोडणी आधी गाळून टाका. दाट ताकात तरंगणारी मोहरी आणि कढीपत्त्याचं पान म्हणजे एकाच घोटात दोन वेगळ्या वेगाच्या गोष्टी, आणि कमकुवत घशाला तेच सगळ्यात अवघड. याच कारणासाठी दुधातले पोहे, रस्स्यातले बटाट्याचे तुकडे, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा टाळायच्या. कलिंगड आणि मोसंबी चावताच पाणी सोडतात, ते पाणी लेव्हल ०. आइस्क्रीम, बर्फ आणि साधी जेली तोंडात वितळून पाणीच होतात. दाट पाणी पाळणाऱ्याला वर आइस्क्रीम देणं हा सगळ्यात नेहमीचा घरगुती विरोधाभास. सोडा किंवा कोल्डड्रिंक द्यायचंच असेल तर आधी चमच्यानं ढवळून त्यातला गॅस घालवा, नाहीतर पावडर टाकताच फेस पेल्याबाहेर येतो आणि किती पावडर आत राहिली ते कळत नाही.

चमच्यावर पूर्ण भरवसा न ठेवता तपासायची सोय आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. १० मिलीची साधी सिरिंज घ्या, सुई नको, टोक स्क्रूचं नको. मोजपट्टीनं शून्यापासून १० च्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. ते ६१.५ मिलिमीटर असायला हवं. बाजारातल्या सगळ्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात आणि वेगळ्या लांबीच्या सिरिंजेनं वेगळं उत्तर येतं. दट्ट्या काढा, टोकाला बोट लावा, तयार पेय १० पर्यंत भरा, बोट काढून बरोबर १० सेकंद मोजा आणि पुन्हा बोट लावा. किती उरलं ते पाहायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळ पाणीच आहे. १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ म्हणजे लेव्हल २, ८ पेक्षा जास्त उरून थोडं तरी वाहत असेल तर लेव्हल ३. अजिबात वाहिलं नाही तर लेव्हल ४, आणि मग सिरिंज बाजूला ठेवून काटा-चमचा वापरायचा: काट्यावर ढीग राहायला हवा, चमचा तिरका केला की एका गोळ्यात निसटायला हवा, चमच्याला चिकटून बसता कामा नये. घरचं पाणी, चहा, ताक आणि दूध या चौघांची ही चाचणी पहिल्याच दिवशी करून प्रत्येकाचं प्रमाण आणि थांबायची मिनिटं डब्यावर चिकटवून ठेवली की पुढचा महिना वाद होत नाहीत. घरात काळजी घेणारी माणसं बदलत असतील तर हे अधिकच गरजेचं.

खर्चाचा अंदाज असा. दिवसाला दीड लिटर द्रव लेव्हल २ नं द्यायचं तर १५ चमचे, म्हणजे १८ ग्रॅम. १२५ ग्रॅमचा डबा आठवडाभर पुरतो. लेव्हल ३ सांगितली असेल तर साडेतीन दिवस. महिन्याला चार-पाच किंवा नऊ डबे. हा फरक मोठा आहे, म्हणून लेव्हल कोणी, कशावरून ठरवली हे विचारायला संकोचू नये. मधुमेहींनी लक्षात ठेवावं की यातला मोठा भाग माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे कर्बोदक आहे. १८ ग्रॅमनं दिवसाला पन्नास-साठ कॅलरी जातात, त्या आहारात धराव्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमचा उल्लेख डॉक्टरांच्या कानावर घालावा. सुरुवातीला काहींचं पोट फुगतं किंवा शौच सैल होतं.

आता जिथे ही पावडर हरते ते.

पहिलं, दाट द्रव पुढे ढकलायला जोर लागतो. पार्किन्सनसारख्या आजारात जीभ आणि घशाची भिंतच दुबळी असते. घोट वेळेत गिळला जातो, पण पूर्ण जात नाही. जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या खळग्यांत साचून राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर, दार उघडलं की, ओघळून आत जातो. ज्यांची अन्ननलिकेची झडपच नीट उघडत नाही त्यांचंही तेच. अशांना जास्त दाट म्हणजे जास्त धोका. उशीर हा दोष असेल तर दाटपणा उपयोगी पडतो, अशक्तपणा हा दोष असेल तर तो उलटतो, आणि बाहेरून बघून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी व्हिडिओफ्लोरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेलं पेय गिळताना घेतलेला एक्स-रे व्हिडिओ, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेली ‘फीस’ (FEES) नावाची तपासणी लागते. ती न होता नुसत्या ठसक्यावरून लिहिलेली लेव्हल हा अंदाज असतो.

दुसरं, ठसका थांबला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. स्वरयंत्राच्या आतल्या संवेदनेनं ठसका येतो. झटक्यानंतर ती संवेदना बोथट होऊ शकते आणि मग आत गेलेला घोट आवाजही करत नाही. घट्ट घोट आत उतरला तर ठसका उठेलच याची खात्री आणखी कमी. म्हणून लक्ष दुसऱ्या खुणांवर हवं: पिऊन झाल्यावर घोगरा, ओला आवाज, डोळ्यांना पाणी, संध्याकाळी बारीक ताप, श्वास भरभर होणं, जेवणं लांबत जाणं, वजन उतरणं.

तिसरं, तहान. दाट पाण्यानं तहान भागल्यासारखी वाटत नाही, म्हणून माणूस कमी पितो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनचे ५१५ रुग्ण होते, सगळ्यांचं पातळ पाणी श्वासनलिकेत जात असल्याचं एक्स-रेवर दिसलेलं. एका गटाला हनुवटी छातीकडे झुकवून पातळ पाणी प्यायला सांगितलं, बाकीच्यांना दाट द्रव दिला. तीन महिन्यांत निमोनियाच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. शरीरात पाणी कमी पडण्याचं प्रमाण मात्र दाट द्रव घेणाऱ्यांत ६ टक्के होतं, हनुवटी झुकवणाऱ्यांत २ टक्के. डबा विकणारे ही आकडेवारी सांगणार नाहीत, पण ती डब्याइतकीच महत्त्वाची आहे. लघवीचा रंग गडद होत चालला तर घोटांची संख्या वाढवा आणि थेरपिस्टला पुन्हा भेटा.

औषधांशी एक गाठ लक्षात ठेवण्यासारखी आहे. बद्धकोष्ठतेसाठी दिली जाणारी पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळली की पेय पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये यावर इशारा दिला होता. आपल्याकडे हे रेचक सर्रास लिहून दिलं जातं, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बद्धकोष्ठता असतेच. डब्यावर ‘मॉडिफाइड स्टार्च’ लिहिलं असेल तर दोन्ही एकत्र करू नका. झँथनबाबत असा इशारा नाही, तरी मिसळल्यावर सिरिंजेनं तपासून घ्या.

लहान बाळांसाठी हा डबा नाही. झँथनच्या एका उत्पादनाबाबत अमेरिकेच्या एफडीएनं २०११ मध्ये ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना ते देऊ नये असं बजावलं, आतड्याच्या एका गंभीर आजाराच्या धोक्यामुळे. २०१२ मध्ये तो इशारा सगळ्याच तान्ह्या बाळांपर्यंत वाढवला. बाळाच्या दुधात काही घट्ट करायचं असेल तर ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

डबा रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. कोरडी पावडर तोंडात गेली तर लाळेत फुगून गोळा होतो आणि श्वासच कोंडतो. इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं २०१५ मध्ये अशाच मृत्यूच्या घटनेनंतर देशभर सूचना काढली होती. विसराळू झालेल्या आजोबांना उशाशी चमच्यासकट ठेवलेली पांढरी पावडर साखरच वाटणार.

आणि पाजायची रीत. भांड्याला ओठ न लावता मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. सुदृढ घशाला ती जमते. बिघडलेल्या घशाला तीच सगळ्यात वाईट, कारण मान मागे गेली की घोट सांभाळायला जिभेला वेळच मिळत नाही आणि वरून धार सुरूच असते. ताठ बसवून, हनुवटी सरळ किंवा थेरपिस्टनं सांगितली असेल तर किंचित खाली, एका वेळी चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली. आधीचा घोट गेल्याची खूण कंठमण्याच्या उडीवरून घ्या, मगच पुढचा. ठसका लागला तर घाईनं पाणी पाजू नका. जे आत जाऊ नये तेच आणखी ओतलं जातं. पुढे वाकू द्या, खोकू द्या. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवा. दोन वेळा दात, जीभ आणि कवळी घासा, कारण निमोनिया करणारे जंतू घोटाबरोबर तोंडातूनच जातात. डब्याच्या किमतीपुढे टूथब्रश स्वस्त पडतो आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आमचं मत: उशिरा लागणाऱ्या दारासाठी, तपासणी करून लिहून दिलेली असेल, तर झँथनची ही पावडर घ्यावी, स्टार्चची नाही. पातळी अंदाजानं ठरलेली असेल तर डब्याच्या पैशांतून आधी तपासणी करावी. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं, म्हणून महिन्याचे नऊ डबे एकदम भरून ठेवू नका. दोन डबे घ्या आणि ते संपायच्या आत थेरपिस्टची पुढची तारीख घेऊन ठेवा.